मुलाखत, गटचर्चा की निरीक्षण? प्रकल्पासाठी गुणात्मक माहिती गोळा करण्याची पद्धत कशी ठरवायची



लोणखेड्याच्या कॉलेज परिसरात एम.ए., एम.एस.डब्ल्यू.ची मुलं-मुली प्रकल्पाची फाइल घेऊन भेटतात तेव्हा मी सगळ्यात आधी 'संशोधन पद्धती'चं पान उघडते. तिथे नव्वद टक्के वेळा एकच वाक्य असतं: "सदर संशोधनासाठी प्राथमिक तथ्य संकलनाकरिता मुलाखत, निरीक्षण, प्रश्नावली व गटचर्चा या साधनांचा वापर करण्यात येईल."

मी विचारते, "चारही?"

उत्तर येतं, "सगळ्यांनी तसंच लिहिलंय ताई."

हसू नका, मीसुद्धा तसंच लिहिलं होतं. मागच्या बॅचच्या सिनॉप्सिसमधून उतरवलेलं. गाईडने सही केली, मी फिल्डवर गेले, आणि तिथे गेल्यावर कळलं की या वाक्यातून मला काहीच मदत मिळत नाहीये. कोणाला भेटायचं, कुठे, कधी, काय विचारायचं आणि काय विचारायचं नाही, यातलं काहीच त्यात नव्हतं. नेट-सेटच्या पुस्तकांत प्रत्येक पद्धतीचे गुण-दोष दिलेले असतात, ते पाठ करून पेपर सुटतो. पण "माझ्या विषयाला कोणती?" याचं उत्तर गुण-दोषांच्या यादीत सापडत नाही. म्हणून या लेखात एकच विषय धरून बोलूया. आपल्या भागात तो दरवर्षी कोणीतरी घेतंच: 'ऊसतोडीसाठी होणारे स्थलांतर व मुलांचे शिक्षण: विशेष संदर्भ शहादा तालुका.'

उत्तर कुठे आहे ते आधी शोधा

हा विषय आहे, प्रश्न नाही. त्यातून निदान चार वेगवेगळे प्रश्न निघतात.

एक, मुलांना सोबत न्यायचं की आजीजवळ ठेवायचं, हे घरात कसं ठरतं? दोन, परत आलेल्या मुलाशी वर्गात काय होतं? तो कुठे बसतो, त्याला कोण मदत करतं? तीन, ऊसतोडीला जाणं आणि शाळा सुटणं याबद्दल गावात काय बोललं जातं, काय योग्य मानलं जातं? चार, किती महिने मुलं हजेरीतून गायब असतात?

आता प्रत्येक प्रश्नाचं उत्तर कुठे दडलंय ते बघा. पहिल्याचं उत्तर आई-बापाच्या डोक्यात आहे, तिथे मुलाखत लागेल. दुसऱ्याचं उत्तर वर्गातल्या वागण्यात आहे. शिक्षकाला विचाराल तर "आम्ही सगळ्यांना समान वागवतो" हेच ऐकायला मिळेल, आणि तो खोटं बोलत असेल असंही नाही, त्याला तसं मनापासून वाटत असतं. ते वर्गात बसून बघावं लागतं. तिसऱ्याचं उत्तर माणसं एकमेकांशी बोलताना बाहेर येतं, म्हणजे गटचर्चा. चौथ्याचं उत्तर शाळेच्या हजेरीपत्रकात आहे. त्यासाठी कोणाची मुलाखत घेऊन त्याच्या कामाचा खोळंबा करायची गरज नाही.

आठवण, वागणूक, आपसातलं बोलणं आणि कागद. उत्तर यांपैकी कुठे आहे हे कळलं की पद्धत जवळपास ठरलीच. चारही प्रश्न महत्त्वाचे वाटतात, मान्य आहे. पण चार क्रेडिटच्या प्रकल्पात एक प्रश्न नीट होतो, फार तर दीड. मी तरी एम.ए.च्या प्रकल्पाला एक मुख्य पद्धत आणि तिला आधार देणारी एक दुय्यम पद्धत एवढंच सुचवते. चार पद्धती लिहिणाऱ्याचं काम बहुतेक वेळा चारही ठिकाणी अर्धवट राहतं.

सेमिस्टर आणि ऊस हंगाम

आता खरी अडचण. प्रकल्प असतो शेवटच्या सेमिस्टरला, म्हणजे जानेवारी ते एप्रिल. ऊस गाळपाचा हंगाम साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरला सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे ज्यांच्यावर प्रकल्प आहे ती कुटुंबं दिवाळीच्या आगेमागे ट्रकात बसून दक्षिण गुजरातकडे गेलेली असतात, आणि तुम्ही जानेवारीत प्रश्नांचा कागद घेऊन त्यांच्या कुलूप लावलेल्या घरासमोर उभे असता.

ही गोष्ट पद्धतीच्या कोणत्याही पुस्तकात नाही, पण आपल्याकडचे निम्मे प्रकल्प इथेच घसरतात. मग विद्यार्थी काय करतो? गावात जे सापडतील त्यांच्या मुलाखती घेतो. सापडतात कोण? जे गेले नाहीत ते. आणि अहवालात छापून येतं की स्थलांतराचा शिक्षणावर फारसा परिणाम दिसत नाही!

रॉबर्ट चेंबर्स या अभ्यासकाने १९८३ च्या आपल्या पुस्तकात ग्रामीण भागात जाणाऱ्या बाहेरच्या माणसाचे पूर्वग्रह सांगितले होते. तो डांबरी रस्त्यालगतची गावं बघतो, रस्ते चांगले असतात त्या कोरड्या दिवसांत जातो, आणि पुढारी, पुरुष, धडधाकट, हजर असलेली माणसं त्याला भेटतात. आपण इथलेच असलो तरी यातून सुटत नाही. शहाद्याहून एस.टी.ने सकाळी जाऊन संध्याकाळी परत येता येईल तीच गावं आपण 'निवडतो' आणि त्याला सहेतुक नमुना निवड म्हणतो.

जानेवारीतच काम करायचं असेल तर तीन रस्ते आहेत. पहिला, प्रश्नच बदला. गावात उरलेत ते आजी-आजोबा, त्यांच्याकडे ठेवलेली नातवंडं आणि धाकट्यांना सांभाळणारी थोरली बहीण. 'मागे राहिलेल्या मुलांना कोण आणि कसं सांभाळतं' हा स्वतंत्र, चांगला विषय आहे, आणि त्याची माणसं जानेवारीत घरी सापडतात. दुसरा रस्ता होळीचा. सातपुड्याकडची बरीच मंडळी होळीला गावी येतात. होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांना गर्दी असते. पण सणासाठी आलेल्या माणसाला दीड तास मुलाखतीला बसवू नका. त्या दिवसांत ओळख करून घ्या, फोन नंबर घ्या, आणि मुलाखत हंगाम संपल्यावर किंवा फोनवर ठेवा. तिसरा रस्ता सगळ्यात चांगला आणि कोणी न वापरणारा: तिसऱ्या सेमिस्टरलाच, गणपती ते दिवाळी या काळात, माणसं गावात असताना मुलाखती उरकून घ्या. गाईडला विचारा, कोणी नाही म्हणत नाही.

मुलाखत: आकडा विचारला आणि गप्प बसावं लागलं

गुणात्मक मुलाखत म्हणजे तोंडी प्रश्नावली नव्हे. "तुम्ही समाधानी आहात का? होय/नाही/सांगता येत नाही" हे विचारायला गावापर्यंत जायची गरज नाही. प्रकल्पासाठी अर्धसंरचित मुलाखत सोयीची पडते. सात-आठ मोठे प्रश्न हाताशी ठेवायचे, क्रम मात्र समोरचा माणूस नेईल तसा.

एक उदाहरण देते. माझ्या पहिल्या प्रश्नांत एक होता, "तुम्हाला दिवसाला किती मजुरी मिळते?" समोरची बाई बघत राहिली. मला वाटलं तिला सांगायचं नाही. मी पुन्हा विचारलं. तिने नवऱ्याकडे बघितलं. शेवटी सासू म्हणाली, "तिची वेगळी कुठे असते?" ऊसतोडीत हिशेब 'कोयत्या'चा असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतली जाते ती कोयत्यावर, आणि हंगामाअखेर वजावट होते तीही कोयत्यावर. बाईची मजुरी हा वेगळा आकडा त्या हिशेबात नाहीच. म्हणजे माझा प्रश्नच चुकीचा होता, तिचं गप्प बसणं बरोबर होतं.

प्रश्नावली असती तर मी त्या रकान्यात 'उत्तर नाही' लिहून पुढे गेले असते. मुलाखतीत ते गप्प बसणंच माझ्या प्रकरणाचा विषय झाला. ज्या गोष्टीची नीट कल्पना आपल्याला नाही, तिथे मुलाखत घ्यायची ती यासाठी. त्यानंतर मी प्रश्न बदलला: "मागच्या वर्षी उचल घेतली त्या दिवसापासून परत येईपर्यंत काय काय झालं, सांगता का?" यावर पाऊण तास बोलणं झालं. त्यात मजुरी, मुलाची शाळा, आजारपण, सगळं आपोआप आलं. 'का' विचारलं की माणूस कारण जुळवतो. 'काय झालं' विचारलं की घडलेलं सांगतो. हा फरक फिल्डवर फार उपयोगी पडतो.

गडचिरोलीत काम करणाऱ्या डॉ. राणी बंग यांनी स्त्रियांच्या आरोग्याबद्दल जे पुस्तक लिहिलं त्याचं नाव 'कानोसा' आहे. त्यांचा आणि डॉ. अभय बंग यांचा १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला अभ्यास तुम्ही ऐकला असेल: दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी, ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोगविषयक आजार, आणि आधी कधी तपासणी-उपचार झालेल्या फक्त ८ टक्के. हे आकडे तपासणीतून आले. पण एवढा त्रास असून बायका दवाखान्यात का जात नाहीत, त्या आजाराला काय म्हणतात, कोणाजवळ बोलतात, हे आकड्यांतून येत नाही. त्यासाठी बायकांजवळ बसून ऐकावं लागतं. संख्यात्मक मोठं की गुणात्मक मोठं हा वाद कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये ठीक आहे, कामात दोन्ही एकमेकांची वाट बघत असतात.

गटचर्चा: माझी फसलेली आणि का फसली ते

आपल्याकडे सगळ्यात जास्त गैरवापर होतो तो गटचर्चेचा, कारण ती स्वस्त वाटते. एका तासात दहा माणसं! दहा मुलाखतींचं काम झालं की.

माझी पहिली गटचर्चा शाळेच्या ओट्यावर झाली. बारा जण जमले, चहा झाला, दोन मोबाइल रेकॉर्डिंगला लावले. विषय होता उचल आणि तिची फेड. चर्चा रंगली असं मला वाटलं. रात्री डायरीत मी 'गटचर्चा १ यशस्वी' असं लिहिलंसुद्धा. चार दिवसांनी रेकॉर्डिंग उतरवायला बसले तेव्हा लक्षात आलं, बोलणारे दोघंच होते. सहा बायका बसल्या होत्या, त्यांचा आवाज फक्त चहाच्या वेळी. आणि जे दोघं बोलत होते त्यातला एक स्वतः मुकादम होता. तो त्याच पाड्यातला, कोणाचा मामा, कोणाचा चुलत सासरा. त्याच्यासमोर उचलीबद्दल कोण काय बोलणार? "मुकादम अडीअडचणीला पैसे देतो" हे वाक्य माझ्या उताऱ्यात चार वेळा होतं. पुढे त्याच गटातली एक बाई विहिरीवर भेटली. तिने जे सांगितलं ते ओट्यावरच्या चर्चेच्या बरोबर उलट होतं.

मी ती गटचर्चा फेकून दिली नाही. मुकादमासमोर गाव काय बोलतं, याची ती चांगली नोंद होती. फक्त मी तिच्याकडून जे मागितलं होतं ते ती देऊ शकत नव्हती.

रॉबर्ट मर्टन यांनी १९४० च्या दशकात ज्या केंद्रित मुलाखतीची मांडणी केली, तिथून ही पद्धत पुढे वाढली. तिचं बळ एकमेकांच्या बोलण्यात आहे. एकजण म्हणतो, दुसरा खोडतो, तिसऱ्याला आठवतं. त्यामुळे जे गावात चारचौघांत बोलता येतं, ज्यावर मतभेद आहेत पण भीती नाही, त्यासाठी गटचर्चा उत्तम. शाळेची वेळ बदलावी का, मुलींना वसतिगृहात ठेवावं का, असे विषय. कर्ज, दारू, मारहाण, बाळंतपण, जातपंचायत असं काही असेल तर एकेकटं भेटा. गट करायचाच असेल तर सहा ते आठ जण, बायकांचा वेगळा, तरुणांचा वेगळा. गटात कोणाचं कोणावर देणं आहे, कोण कोणाच्या शेतावर जातं, हे आधी विचारून घ्या. आपल्या भागात शेतमालक आणि शेतमजूर एका सतरंजीवर बसवून 'मजुरीचे प्रश्न' या विषयावर गटचर्चा घेतलेली मी वाचली आहे. निष्कर्षात लिहिलं होतं, "दोन्ही घटकांत सलोख्याचे संबंध आढळले."

जागासुद्धा बोलते. शाळा, ग्रामपंचायत, अंगणवाडी या सरकारी जागा. तिथे माणूस सरकारला द्यायचं उत्तर देतो. झाडाखाली बसा.

निरीक्षण

'निरीक्षण पद्धतीचा अवलंब केला' असं लिहिणाऱ्याला मी विचारते, "वही दाखव." वही नसते. गावात फिरलो, बघितलं, म्हणजे निरीक्षण, अशी समजूत आहे.

नंदुरबारचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्यातली जवळपास ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची आहे. १९९६ चा पेसा कायदा आणि त्याचे महाराष्ट्राचे २०१४ चे नियम यामुळे इथल्या ग्रामसभेला वजन आहे, म्हणून 'ग्रामसभेतील महिलांचा सहभाग' हा विषयही आपल्याकडे लोकप्रिय. त्यात मुलाखतीत विचारलं, "ग्रामसभेत बोलता का?" तर उत्तर "हो". प्रोसिडिंग बघितलं तर ठराव 'सर्वानुमते मंजूर' आणि खाली बायकांच्या सह्या-अंगठे. म्हणजे मुलाखत आणि कागद दोन्ही सांगतात सहभाग आहे. आता प्रत्यक्ष सभेत बसा. कोण कुठे बसलं, बायका कधी आल्या, बोलायला कोण उभं राहिलं, बाई बोलल्यावर पुढचा माणूस तिच्या मुद्द्यावर बोलला की दुसऱ्याच विषयावर गेला, रजिस्टर सभेत फिरलं की दुसऱ्या दिवशी घरोघर. इथे निरीक्षणाला पर्याय नाही, कारण माणसं जे सांगतात आणि जे करतात यातलं अंतर हाच विषय आहे.

एका सभेने भागत नाही, निदान तीन तरी. पहिल्या सभेत सगळे तुमच्याकडेच बघत असतात. नोंद त्याच रात्री लिहा. डाव्या पानावर फक्त दिसलं-ऐकलं ते, उजव्या पानावर तुम्हाला काय वाटलं ते. "बायका दबलेल्या होत्या" हे उजव्या पानाचं वाक्य. "अकरा बायका दाराजवळ बसल्या, चाळीस मिनिटांत एकही बोलली नाही" हे डाव्या पानाचं.

नोंदींच्या प्रती करायला विसरू नका. एम. एन. श्रीनिवास यांनी १९४८ मध्ये म्हैसूरजवळच्या रामपुरा गावात राहून केलेल्या कामाच्या तयार नोंदींच्या तिन्ही प्रती एकाच इमारतीत होत्या. एप्रिल १९७० मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला ती इमारत पेटवली गेली आणि सगळ्या जळाल्या. पुढे त्यांनी आठवणीतून लिहिलेलं पुस्तक गाजलं. पण ते श्रीनिवास होते. तुम्ही एक प्रत ड्राइव्हवर टाका.

जुना विषय असेल तर

कोणाला शहाद्याच्या चळवळीवर काम करायचं असतं. १९७२ साली श्रमिक संघटना उभी राहिली, अंबरसिंग महाराज, जमिनी परत मिळवण्याचा लढा, मग दारूविरोधात उतरलेल्या बायका. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९७६ साली या चळवळीवर लेख लिहिला होता, तो मिळवून वाचा. संशोधकाने वरून न बघता खालच्या बाजूने बघावं, हा आग्रह त्यांनी पुढे पद्धतीवरच्या लेखनात धरला. आज त्या लढ्यातली विशीतली मुलं-मुली सत्तरी ओलांडून गेलीत. म्हणजे मौखिक इतिहास घ्यायचा असेल तर 'पुढच्या वर्षी बघू' चालणार नाही.

वयस्कर माणूस साल चुकवतो. तुम्ही वहीत चूक म्हणून खोडू नका. इटलीत तेर्नी शहरातला लुईजी त्रास्तुल्ली नावाचा कामगार १९४९ साली पोलिसांच्या गोळीने मेला, पण पुढे बरेच कामगार तो १९५३ च्या कामगार कपातीच्या वेळी मेला असं सांगत. आलेस्सान्द्रो पोर्तेल्ली या अभ्यासकाने विचारलं, ही चूक सगळे सारखीच का करतात? तर कामगारांच्या मनात ते मरण कपातीच्या लढ्याशी जोडलेलं होतं. तारीख कागदावरून तपासा, अर्थ माणसाकडून घ्या. सालाऐवजी खुणा वापरा: दुष्काळाच्या आधी की नंतर, जिल्हा वेगळा झाला तेव्हा (१९९८), थोरला मुलगा केवढा होता तेव्हा.

किती मुलाखती पुरतात?

व्हायवात हमखास येणारा प्रश्न. "सॅम्पल एवढंच?" घाबरून 'शंभर' लिहू नका. २००६ मध्ये गेस्ट आणि सहकाऱ्यांनी घाना आणि नायजेरियातल्या स्त्रियांच्या ६० मुलाखती तपासल्या. पहिल्या बारा मुलाखतींतच जवळजवळ सगळे मुद्दे येऊन गेले होते. याला संपृक्तता म्हणतात: नवी मुलाखत घेतली तरी नवं काही येत नाही अशी अवस्था. पण 'बारा' हा मंत्र करू नका. त्या स्त्रिया बऱ्यापैकी एकसारख्या परिस्थितीतल्या होत्या आणि प्रश्न ठरलेले होते. तुम्ही आई, आजी, शिक्षक आणि मुकादम असे चार प्रकारचे लोक घेणार असाल तर प्रत्येक प्रकारातून तीन म्हणजे बारा, आणि तीन मुलाखतींत कोणतीच संपृक्तता येत नाही.

दुसरं गणित वेळेचं. एक तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला सवय असेल तर चार तास, नसेल तर सहा. पाऊण तासाच्या वीस मुलाखती म्हणजे पंधरा तासांचं रेकॉर्डिंग, म्हणजे साठ ते नव्वद तास नुसतं ऐकून लिहिणं. मोबाइलच्या ॲपवर भिस्त ठेवू नका. प्रमाण मराठी थोडीफार जमते त्यांना, अहिराणी टाकली की भलतंच काहीतरी छापून येतं, आणि पावरीला तर ते हातच लावत नाहीत.

भाषेचा मुद्दा निघालाच आहे तर: शहादा-धडगाव पट्ट्यात पावरी, भिलोरी, अहिराणी, गुजरी असं सगळं बोललं जातं. तुम्हाला पावरी येत नसेल तर दुभाष्या लागेल, आणि दुभाष्या निवडणं हा पद्धतीचाच भाग आहे. सरपंचाचा मुलगा दुभाष्या असेल तर सरपंचाबद्दल काही कळणार नाही. बायकांच्या मुलाखतींना बाईच हवी. पाच वाक्यं बोललेली ऐकून दुभाष्या "ती हो म्हणतेय" असं सांगत असेल तर थांबवा. महत्त्वाचे शब्द मूळ बोलीतच नोंदवा, अर्थ बाजूला लिहा. आणि तुम्हाला स्वतःला पावरी येत असेल, तर कृपा करून ती गोष्ट पद्धतीच्या प्रकरणात ठळक लिहा. आपली मुलं ते लपवतात, कमीपणा वाटतो म्हणून. बाहेरच्या संशोधकाला दोन वर्षं घालवूनही जे मिळत नाही ते तुमच्याकडे घरचं आहे.

संमती

परवानगी ग्रामपंचायतीची घेतली म्हणजे माणसाची झाली असं नाही. लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीकडून संमती घेताना वाचून समजावायचं आणि त्रयस्थ साक्षर साक्षीदार ठेवायचा, अठरा वर्षांखालील मुलाशी बोलायचं तर पालकांची संमती आणि मुलाचाही होकार. एवढं तर करायचंच. पण ऊसतोडीच्या विषयात त्याहून मोठी जोखीम आहे. बाईने उचलीबद्दल काय सांगितलं हे मुकादमाला कळलं तर पुढच्या वर्षी त्या कोयत्याला काम मिळणार नाही. नाव बदलून 'क्ष' लिहिलं, पण गावाचं नाव, वय, 'तीन मुली, नवरा अपंग' असं सगळं दिलं, तर पाड्यात कोण हे शेंबडं पोरही सांगेल. मी गावाचं नाव बदलते, एखाद-दुसरा तपशील गाळते, आणि काही गोष्टी वहीतच ठेवते. विहिरीवरच्या त्या बाईचं बोलणं माझ्या प्रबंधात तिचं म्हणून कुठेच नाही. ती म्हणाली, "लिहू नको," एवढंच.

आता सुरुवातीच्या वाक्याकडे परत जाऊया. मागच्या महिन्यात एका मुलीच्या सिनॉप्सिसमध्ये आम्ही दोघींनी बसून ते असं बदललं:

"आई-वडील ऊसतोडीस गेल्यावर गावात राहिलेल्या मुलांचा सांभाळ कसा होतो, हे समजून घेण्यासाठी दोन पाड्यांतील सांभाळ करणाऱ्या १२ आजी व थोरल्या बहिणींच्या अर्धसंरचित मुलाखती जानेवारी-फेब्रुवारीत त्यांच्या घरी, पावरी भाषेत घेण्यात येतील. संशोधिका स्वतः पावरी भाषक आहे. मुलाखतीतील शाळाविषयक माहिती दोन शाळांच्या हजेरीपत्रकांशी पडताळली जाईल. उचल व कर्ज हा संवेदनशील विषय असल्याने गटचर्चा घेण्यात येणार नाही."

गाईडने शेवटच्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं, "गटचर्चा का नाही?" तिने सांगितलं. सही झाली.

मुलाखतीच्या प्रश्नांची यादी कशी बनवायची आणि कोणते प्रश्न काढून टाकायचे, ते पुढच्या लेखात. तुमचा विषय वेगळा असेल तर कळवा, त्यावरही बोलू.